पहिल्यांदाच प्रमुख झालात? आधी वरच्या फळीची एकजूट बांधा

प्रमुखपदाची सूत्रं हाती आली की बहुतेक जण लगेच कामाच्या मागे लागतात: बजेट, टार्गेट, रखडलेले प्रकल्प. वरच्या फळीतली माणसं अनुभवी आहेत, ती आपसांत सांभाळून घेतील, असं गृहीत धरलं जातं. ती सांभाळून घेत नाहीत. प्रत्येकाला आपल्या विभागाचं पाहायचं असतं, आपल्या माणसांची बाजू घ्यायची असते, आणि तुमच्या खुर्चीवरही एखाद्याची नजर असते. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, रचनाच तशी असते. म्हणून या माणसांमध्ये विश्वास आपोआप रुजेल याची वाट बघत बसू नका. रोजच्या कामाची पद्धत बदलली तरच तो तयार होतो, आणि ती बदलायची सुरुवात प्रमुखालाच करावी लागते.

कंपनी असो, शाळा असो, रुग्णालय असो की स्वयंसेवी संस्था, पुढचा क्रम साधारण सारखाच लागू पडतो. सहली, खेळ, एकत्र जेवणं यांना माझा विरोध नाही. त्याने ओळख वाढते. पण बजेटवरून जुंपली की सहलीतला जिव्हाळा कामी येत नाही. अडचणीच्या वेळी समोरचा कसा वागला, हे माणसं लक्षात ठेवतात आणि त्यावरूनच त्याच्यावर किती विसंबायचं ते ठरवतात. त्यामुळे इथे सगळा भर कामावरच आहे.

टीममध्ये नक्की कोण, ते ठरवा

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण तसा तो नाही. रिचर्ड हॅकमन आणि रूथ वेजमन या अभ्यासकांनी त्यांच्या सहकाऱ्यांसोबत वेगवेगळ्या देशांतल्या 120 वरिष्ठ टीमचा अभ्यास केला. ‘तुमच्या टीममध्ये कोण कोण आहे?’ या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर 10 टक्क्यांहूनही कमी टीममधल्या सदस्यांचं एकमत होतं. आपण टीममध्ये आहोत की नाही हेच ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून टीमची जबाबदारी घेण्याची अपेक्षा कशी करणार?

असं होतं, कारण प्रमुखाला कुणाला दुखवायचं नसतं. जुने अधिकारी मीटिंगला येत राहतात, नव्यांना मान म्हणून बोलावलं जातं, आणि बघता बघता टेबलाभोवती पंधरा जण बसलेले असतात. सहा जणांच्या टीममध्ये दोन-दोन माणसांच्या 15 जोड्या होतात, बारा जणांच्या टीममध्ये 66. प्रत्येक जोडी म्हणजे जपावं लागणारं एक नातं. माझा सल्ला स्पष्ट आहे: आकडा एक अंकी ठेवा. सहा-सात असतील तर उत्तम.

यादी पक्की झाली की, ज्यांचं नाव त्यात नाही त्यांना ती जाहीर होण्याआधी स्वतः भेटून सांगा. कारण सांगा, आणि कोणत्या विषयांवर त्यांना बोलावलं जाईल तेही सांगा. ही भेट टाळलीत तर त्या माणसाची नाराजी संस्थेत पसरायला वेळ लागत नाही.

पहिल्या महिन्यात प्रत्येकाशी वेगळं बोला

सगळ्यांना एकत्र बसवून ‘मोकळेपणाने बोला’ म्हटलं की कुणी बोलत नाही. आधी प्रत्येकाला तासभर द्या, शक्यतो तुमच्या केबिनबाहेर. प्रश्न थोडे आणि थेट ठेवा. या टीममध्ये कुठलं काम नीट होतं? कशावर बोलायचं सगळे टाळतात? तुमचं काम कुणामुळे अडतं, आणि तुमच्यामुळे कुणाचं अडत असेल? माझ्या जागी तुम्ही असता तर आधी कशाला हात घातला असता?

यातला शेवटून दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त सांगून जातो. दुसऱ्यामुळे काय अडतं याची यादी प्रत्येकाकडे तयार असते. आपल्यामुळे काय अडतं हे सांगताना जो थबकतो, विचार करतो आणि मग एखादी खरी गोष्ट सांगतो, त्याच्याबरोबर काम करणं पुढे सोपं जातं.

या भेटींत ऐकलेलं एकाचं दुसऱ्याला सांगू नका. सूचकपणेही नाही. ‘काही जणांना असं वाटतं की...’ असं म्हटलंत, तरी ते ‘काही जण’ कोण हे सगळ्यांना लगेच ओळखू येतं.

ऐकताना एक गोष्ट मनाशी वेगळी करत जा. रॉजर मेयर, जेम्स डेव्हिस आणि डेव्हिड शूरमन या तीन अभ्यासकांनी 1995 साली एक मांडणी केली, ती आजही उपयोगी पडते. समोरच्यावर विश्वास ठेवताना आपण तीन गोष्टी तोलतो: त्याची कुवत, आपल्याविषयीचा त्याचा सद्भाव आणि त्याची सचोटी. ‘माझा त्याच्यावर विश्वास नाही’ असं कुणी म्हणालं, तर यातलं नेमकं काय कमी वाटतं ते विचारा. ‘त्याला हिशेब जमत नाहीत’ ही कुवतीची तक्रार, तिला मदतनीस किंवा प्रशिक्षण पुरतं. ‘तो फक्त स्वतःच्या विभागाचं बघतो’ ही सद्भावाची तक्रार, ती सामायिक कामाने कमी होते. ‘तो समोर एक आणि मागे एक बोलतो’ ही सचोटीची. तिच्यावर प्रशिक्षण चालत नाही, समोरासमोर बोलावंच लागतं. तिन्हींना एकच औषध दिलं की कशालाच गुण येत नाही.

टीमचं स्वतःचं काम काय, ते लिहून काढा

बऱ्याच वरिष्ठ मीटिंगांमध्ये एकेक विभागप्रमुख आपापला रिपोर्ट वाचतो आणि बाकीचे मोबाइल बघतात. त्यांचं काही चुकत नाही, कारण त्यांनी त्यात करण्यासारखं काहीच नसतं. एकत्र काम नसेल तर एकत्र बसून एकजूट होत नाही.

तेव्हा टीमला विचारा: फक्त आपण सगळ्यांनी मिळूनच घेता येतील असे निर्णय कोणते? पैसा आणि माणसं कुठे लावायची, कुठलं काम बंद करायचं, दोन विभागांच्या सीमेवर कुणाचीच जबाबदारी नसलेलं काम कुणाकडे जाणार, वरच्या जागांवर कुणाला आणायचं. अशी चार-पाच कामं निघतात. तेवढाच अजेंडा ठेवा. रिपोर्ट लिहून आधी पाठवायचे आणि वाचून यायचं.

याच बैठकीत अवघड गोष्ट बोलून टाका. इथे बसलेला प्रत्येक जण आधी या टीमचा आणि मग आपल्या विभागाचा. ऐकायला हे सगळ्यांना पटतं. पटलंय का ते कळतं पैसे वाटताना. एखादा विभागप्रमुख स्वतःहून म्हणतो, ‘यंदा माझ्याकडची दोन पदं त्यांच्याकडे द्या, तिकडे जास्त गरज आहे,’ तेव्हा त्याची दखल सगळ्यांसमोर घ्या. आणि पुढच्या वर्षी त्याला गरज लागली तर ती विसरू नका. विसरलात, तर पुन्हा कुणी असं काही सोडणार नाही.

वाईट बातमी सांगणाऱ्याचं काय होतं?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. टीममध्ये विश्वास आहे की नाही ते इथे दिसतं.

अॅलन मुलाली 2006 साली बोइंग या विमान कंपनीतून फोर्ड या मोटार कंपनीत प्रमुख म्हणून आले. त्या वर्षी फोर्डला 12 अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. मुलालींनी दर गुरुवारी सकाळी सगळ्या वरिष्ठांची बैठक सुरू केली. प्रत्येकाने आपल्या कामाला रंग द्यायचा: ठीक चाललंय तर हिरवा, काळजीचं असेल तर पिवळा, अडलंय तर लाल. सुरुवातीच्या बैठकांत पडद्यावर सगळं हिरवंगार! अब्जावधी डॉलर बुडत असलेल्या कंपनीत अडचण अशी कुणालाच नव्हती. हे कसं काय, असं मुलालींनी विचारलंही.

मग एका बैठकीत मार्क फील्ड्स या वरिष्ठ अधिकाऱ्याने आपल्या एका नव्या गाडीपुढे लाल रंग लावला. गाडी बाजारात आणायला उशीर होणार होता. खोलीत शांतता पसरली. आता यांची नोकरी जाणार, असंच इतरांना वाटलं. मुलालींनी टाळ्या वाजवल्या आणि यात कोण मदत करू शकेल, असं बाकीच्यांना विचारलं. मदत पुढे आली. तरीही लगेच कुणी स्वतःचे रंग बदलले नाहीत. फील्ड्स पुढच्या बैठकीलाही आपल्या खुर्चीवर आहेत, त्यांना काही झालेलं नाही, हे सगळ्यांनी पाहिलं आणि मगच हळूहळू पडद्यावर पिवळे-लाल रंग दिसायला लागले.

या प्रसंगातल्या टाळ्या सगळ्यांच्या लक्षात राहतात. मला मधले ते काही आठवडे महत्त्वाचे वाटतात. खरं बोलणाऱ्याचं पुढे काय होतं, हे टीम थांबून बघत असते. पहिली वाईट बातमी आली की तुमचा चेहरा, तुमचा पहिला प्रश्न आणि पुढच्या महिन्यात त्या माणसाशी तुमची वागणूक, या तिन्हींची परीक्षा होते. ‘हे आधी का नाही सांगितलं?’ हा प्रश्न कितीही रास्त असला तरी त्या क्षणी गिळा. आधी विचारा, ‘आत्ता काय लागेल?’ कारणमीमांसा दोन दिवसांनी करा, पण जरूर करा. सांभाळून घेणं म्हणजे जाब न विचारणं नव्हे.

एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला होता. चांगल्या टीमकडून औषध देण्यात कमी चुका होत असतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या टीमच्या चुका नोंदीत जास्त होत्या. बारकाईने पाहिल्यावर लक्षात आलं की त्या टीम चुका लपवत नव्हत्या, त्यांवर बोलत होत्या. म्हणून तुम्ही आल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत अडचणींची यादी वाढली, तर घाबरू नका. यादी कोरी राहिली तर मात्र शोध घ्या.

वाद होऊ द्या, पण वादाला वळण लावा

नव्या प्रमुखाला वाटतं, वाद झाला नाही म्हणजे एकजूट आहे. ब्रूस टकमन या मानसशास्त्रज्ञाने 1965 सालीच दाखवून दिलं होतं की नवा गट रुळण्याआधी खडाजंगीच्या टप्प्यातून जातो. तो टप्पा दाबला की मतभेद तसेच राहतात, फक्त तुमच्या कानावर येत नाहीत.

मानसशास्त्रज्ञ अर्विंग जेनिस यांनी 1970 च्या दशकात दाखवलं की, एकमेकांना धरून असलेले हुशार लोकसुद्धा एकमत मोडू नये म्हणून शंका गिळतात आणि चुकीचे निर्णय घेतात. 1961 सालची अमेरिकेची क्यूबावरची फसलेली मोहीम हे त्यांचं गाजलेलं उदाहरण. पुढच्याच वर्षी क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष केनेडी सल्लागारांच्या काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत, म्हणजे त्यांच्या तोंडाकडे बघून कुणी मत बनवणार नाही. तुम्हाला दरवेळी खोलीबाहेर जायची गरज नाही. आपलं मत सगळ्यात शेवटी सांगितलंत तरी पुष्कळ फरक पडतो. आणि बोलण्याची सुरुवात टीममधल्या सगळ्यात नव्या माणसापासून करा.

मोठा निर्णय जवळपास ठरला की मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक युक्ती वापरा. सगळ्यांना सांगा: ‘समजा एक वर्ष झालंय आणि आपला हा निर्णय सपशेल फसलाय. का फसला, ते पाच मिनिटांत प्रत्येकाने कागदावर लिहा.’ मग एकेक कारण वाचून घ्या. एरवी शंका काढणारा खोडा घालणारा ठरतो. इथे शंका काढणं हेच काम असल्यामुळे गप्प बसणारी माणसंही लिहितात.

वाद कामावर राहतोय का, याकडे मात्र लक्ष ठेवा. समजा, विक्रीप्रमुखांनी ग्राहकाला महिनाअखेरीची तारीख देऊन टाकली आहे आणि उत्पादनप्रमुख म्हणतात, ‘तुम्ही नेहमीच आम्हाला न विचारता शब्द देता.’ त्या ‘नेहमीच’ शब्दावर बोलणं कामावरून माणसावर घसरलं. इथे हलकेच मध्ये पडा: ‘या ऑर्डरपुरतं बोलू या. तारीख कधी दिली आणि तुम्हाला कधी कळलं?’ तारखा समोर आल्या की बहुतेक वेळा दिसतं की चुकीची माहिती कुणीच दिली नव्हती. शब्द देण्याआधी उत्पादनाला विचारायचं, असा नियमच कुठे नव्हता. मग तो नियम तिथल्या तिथे ठरवा: अमुक दिवसांच्या आतली तारीख उत्पादनाच्या होकाराशिवाय द्यायची नाही, आणि होकार-नकार एका दिवसात कळवायचा. विक्रीवाल्यांना वेळेत उत्तर मिळतं, उत्पादनवाल्यांना मान मिळतो. असे चार-पाच नियम झाले की अर्धी भांडणं मिटतात.

मीटिंगची शेवटची दहा मिनिटं

ही वेळ राखून ठेवा, अजेंडा अर्धा राहिला तरी चालेल. तीन गोष्टी मोठ्याने बोलून लिहायच्या. आपण काय ठरवलं? कोण, कधीपर्यंत करणार? आणि बाहेर जाऊन लोकांना काय सांगणार?

तिसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि एकजुटीला तडा तिथेच जातो. एका शाखेतलं काम थांबवायचं ठरलं. एक जण आपल्या माणसांना सांगतो, ‘विचार चाललाय.’ दुसरा सांगतो, ‘ठरलंय.’ तिसरा म्हणतो, ‘मी विरोध केला होता, पण ऐकतंय कोण.’ संध्याकाळपर्यंत संस्थेत तीन बातम्या फिरतात आणि खालच्या माणसांना कळतं की वर एकवाक्यता नाही. म्हणून दोन-तीन वाक्यं तिथेच लिहून घ्या आणि सगळ्यांनी त्याच दिवशी तीच सांगा. काय सांगायचं नाही, तेही ठरवा.

ज्याचा विरोध होता त्याला थेट विचारा: ‘तुमचं म्हणणं आम्ही पूर्ण ऐकलं का? निर्णय तुमच्या मनासारखा नसला, तरी बाहेर आपलाच म्हणून सांगाल का?’ ‘हो’ आलं तर बरं. ‘नाही’ आलं तर तेही बरं, कारण ते तुम्हाला आतच कळलं. गप्प बसला तर त्याला होकार समजू नका. आणि अशा माणसाचा मुद्दा पुढे खरा ठरला, तर सगळ्यांसमोर तसं म्हणा. पुढच्या वेळी तो मन मारून पाठिंबा देणार नाही, विश्वासाने देईल.

तुमच्या कानाशी कुणी लागलं तर

प्रमुख झालात की हे होणारच. मीटिंग संपते, एक जण मागे थांबतो, दार लावून घेतो आणि सहकाऱ्याबद्दल सांगायला लागतो. तुम्ही ऐकून घेतलंत, मान डोलावलीत, की पुढच्या आठवड्यात दुसरा येतो. मग हळूहळू खरे निर्णय तुमच्या केबिनमध्ये एकेकट्याशी व्हायला लागतात आणि मीटिंग नावापुरती उरते.

यावर साधा नियम ठेवा. पहिला प्रश्न: ‘हे त्यांच्याशी बोललात का?’ नसेल, तर आधी बोला. बोलून उपयोग झाला नसेल, तर तिघं बसू. त्या भेटीत न्यायाधीश होऊ नका. दोघांनाही, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायला लावा. ‘बरोबर, मला हेच म्हणायचं होतं’ असं समोरचा म्हणेपर्यंत पुढे जाऊ नका. याला वेळ लागतो, कधी कधी फार अवघडल्यासारखंही होतं. तरी करा.

अपवाद एकच: छळ, पैशांची अफरातफर किंवा कुणाच्या सुरक्षेचा प्रश्न. तिथे ‘आधी त्यांच्याशी बोला’ म्हणणं अन्याय आहे. अशी तक्रार लगेच संस्थेच्या ठरलेल्या मार्गाने पुढे न्या.

जो जुळत नाही त्याचं काय?

वेगळं मत मांडणाऱ्या आणि टीमशी न जुळणाऱ्या माणसात गल्लत करू नका. खोलीत कडाडून भांडणारा आणि बाहेर निर्णय पाळणारा माणूस जपून ठेवा. खोलीत गोड बोलून बाहेर निर्णय पाडणारा माणूस हा प्रश्न आहे, मग तो आपल्या कामात कितीही हुशार असो.

त्याच्याशी एकांतात, नेमक्या प्रसंगांसह बोला. ‘तुमची वृत्ती बरोबर नाही’ असं म्हणू नका. ‘गेल्या बैठकीत तुम्ही होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या विभागात उलट सूचना गेली’ असं म्हणा. काय बदललेलं दिसायला हवं आणि कधीपर्यंत, ते सांगा. दोन-तीन महिने खरोखर मदत करा. तरीही फरक पडला नाही, तर त्याला या टीममध्ये ठेवू नका. हे करायला जीव कासावीस होतो, विशेषतः तो माणूस जुना असेल तर. पण बाकीचे सहा जण तुमच्याकडे बघत असतात. पाळणाऱ्यालाही तेच आणि न पाळणाऱ्यालाही तेच, असं दिसलं की पाळणारेही थांबतात.

चाललंय ते नीट चाललंय का?

दर तिमाहीला अर्धा दिवस फक्त टीमच्या कारभारासाठी काढा. प्रत्येकाने कागदावर तीन उत्तरं लिहायची: मला इथे अडचण सांगता येते का? घेतलेले निर्णय आपण पाळतो का? प्रमुखाने काय बंद करावं? तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं तुम्ही स्वतः वाचून दाखवा आणि त्यातली एक गोष्ट पुढच्या तीन महिन्यांत बदलून दाखवा.

टीममध्ये नवा माणूस आला, मग तो एकच का असेना, की टीम नवीन झाली असं समजा. जुने नियम त्याला फक्त वाचायला देऊ नका. ते कसे आणि कोणत्या प्रसंगातून ठरले ते टीममधल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगू द्या, आणि यातला कुठला नियम त्याला खटकतो ते पहिल्याच महिन्यात विचारा. त्याच्या उत्तरासाठी पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर पहिली जागा ठेवा.